साडेनवाची सावली

तारीख दोन मार्च. मंजूर रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर: मुख्याध्यापिका खंडारे मॅडम, शाळा समितीचा खजिनदार म्हणून मी आणि स्थानिक नागरिक म्हणून दादाराव इंगोले. मॅडम आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. इंगोलेभाऊंनी आपली प्लास्टिकची खुर्ची मैदानात, भर उन्हात टाकली होती. तिच्या शेजारी त्यांचीच दुसरी खुर्ची, रिकामी.

"भाऊ, सावलीत या ना," मॅडम म्हणाल्या.

"मी कावून येऊ? तेच येऊन राह्यली ना इकडं."

मॅडमनी अकोल्याहून आलेलं मंजुरीचं पाकीट फोडेपर्यंत पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत आली आणि दोन्ही खुर्च्यांवर बसली. इंगोलेभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "राइट टाइम."

हे गृहस्थ अमरावतीला आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून झाली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती लेट आहे, कोणती रद्द, हे माइकवरून सांगण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण वेळापत्रक सुटलं नाही. मग त्यांनी सावल्या धरल्या. आपण सगळे सावली पाहून खुर्ची टाकतो. ते खुर्ची टाकून सावलीची वाट पाहतात. बाजारात गेले की स्कूटर मुद्दाम उन्हात लावतात. आपण सावलीत लावून हसत हसत आत जातो आणि तासाभरानं बाहेर येऊन सीटवर रुमाल टाकतो. ते त्यांच्या थंड सीटवर बसून, किक मारायच्या आधी, दरवेळी तेच सांगतात, "सावली आता कुठी हाये ते नोका पाहू. आपुन निघाच्या टायमाले कुठी असंन, ते पाहा."

त्यांचा अंदाज कधी चुकत नाही असं मात्र नाही, आणि मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे चूकही नोंदवतो. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये समोरच्या घरमालकानं गच्चीवरची पाण्याची टाकी काढून मागच्या बाजूला नेली. त्या टाकीची सावली इंगोलेभाऊंच्या अंगणात दुपारी चारच्या सुमारास यायची. ते नेहमीप्रमाणे आधी जाऊन बसले. सव्वाचार वाजले, साडेचार वाजले. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून माणूस बसलेला. मी फाटकातून विचारलं, "भाऊ, काय झालं?"

"लेट हाये."

पाच वाजता मी त्यांना टाकी गेल्याचं दाखवलं. त्यांनी गच्चीकडे बराच वेळ पाहिलं. मग उठले, दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि आत जाताना म्हणाले, "रद्द झाली त माइकवर सांगाले पाह्यजे होतं त्याइनं."

दोन्ही खुर्च्या, असं मी लिहिलं, कारण दुसरी नेहमी असतेच. तिच्यावर कोणाला बसू देत नाहीत. मी एकदा टेकणार होतो, तर म्हणाले, "तुमी पायरीवर बसा राजेहो. ते रिझर्व हाये." कोणासाठी, हे मी विचारलं नाही. माणसाला एखादी खोड असली की दुसरी असणारच, असं धरून चाललो.

आता शाळेचं सांगतो. आमच्याच वस्तीतली पहिली ते चौथीची साधी शाळा; मार्च लागला की सकाळची होते आणि खिचडी साडेनऊला. मैदानात मोठा कडूनिंब होता, त्याच्याखाली सिमेंटचा ओटा. त्या ओट्यावर बसून मुलं खिचडी खायची. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वादळ आलं आणि निंब आडवा झाला. ओटा राहिला, सावली गेली. पावसाळा आणि थंडी निभली. पण वऱ्हाडात थंडी सरली की मधे काही नसतं, थेट ऊनच. फेब्रुवारीच्या शेवटी मुलं ताटं घेऊन भिंतीला चिकटून उभ्यानं जेवायला लागली, कारण ओट्यावर बसवत नव्हतं. एक दिवस आमच्या गल्लीतली दुसरीतली मुलगी चक्कर येऊन ताटासकट खाली बसली. इंगोलेभाऊ फाटकापाशीच होते. त्यांनी आपला दुपट्टा नळाखाली धरून तिच्या डोक्यावर टाकला आणि तिला उचलून घरी पोचवलं. मुलगी संध्याकाळी उड्या मारत होती. इंगोलेभाऊंच्या मात्र ते डोक्यातून जाईना.

खरं तर त्याआधीच, डिसेंबरात, त्यांनी अकोल्याच्या एका धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज केला होता. ट्रस्ट शाळांना बांधकामासाठी अनुदान देतो. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि वजन यावं म्हणून मोक्याच्या जागी इंग्रजी शब्द वापरला: "मुलांसाठी शेड."

दोन मार्चला मॅडमनी जे पत्र वाचलं, त्यात लिहिलं होतं, "आपल्या शाळेस सायकल शेडकरिता रुपये एक लाख ऐंशी हजार मंजूर करण्यात येत आहेत. पत्र्याचे छप्पर अनिवार्य. रक्कम एकतीस मार्चपूर्वी खर्च न झाल्यास मंजुरी रद्द समजावी."

मॅडमनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. मग मॅडम म्हणाल्या, "पण आपल्याकडे सायकली कुठं आहेत? पहिलीतली मुलं तर कडेवर येतात."

इंगोलेभाऊंनी पत्र हातात घेतलं. "मी बरोबर लेहेलं. शेड म्हंजे सावली."

मी म्हणालो, "भाऊ, शेड म्हणजे सावली आणि शेड म्हणजे पत्र्याचं खोपटंही. इंग्रजीत वेगवेगळं लिहितात. मराठीत दोन्ही सारखंच."

"मंग वाचनाऱ्यानं कोनतं धराव?"

"त्याला जे देता येतं ते."

"मार्चात पत्र्याखाली लेकरं बसवाचे म्हंजे शिजवाचेच की." त्यांनी पत्राची घडी केली. "उद्या अकोल्याले जाऊ."

आम्ही माझ्या गाडीनं गेलो. पेट्रोल निम्मं निम्मं. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांचा फोन वाजला. त्यांचा फोन नेहमी इतका मोठ्यानं बोलतो की ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. पलीकडे सुमनवहिनी होत्या, त्यांच्या मंडळी. तीन वर्षांपूर्वी नातवाच्या वेळी तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला मुलाकडे गेल्या. नातू रांगला, चालला, बोलला, आता बालवाडीत जातो, तरी तीन महिने संपले नाहीत. इंगोलेभाऊ एकदा आठ दिवसांसाठी गेले होते. चौथ्या दिवशी परत. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं चहूकडून बिल्डिंगा. सावली दिवसभर पडेल असते. तिले काई किंमतच नाई."

"झाली का तुमची सावली उभी?" वहिनींनी फोनवर विचारलं.

"होऊन राह्यली. अकोल्याले चाललो तेच्याचसाठी."

"दिवाळीपासून होऊनच राह्यली. तुमी निस्ते सांगता. टाकीची सांगता, निंबाची सांगता. खरंच उभी राह्यली त कळवा, मी पाहाले येतो."

"पक्कं?"

"उभी त करा आदी."

फोन ठेवल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितलं. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

ट्रस्टचं ऑफिस जुन्या दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर. गल्लीत इमारतीच्या बाजूला छान सावली होती. तिथं एक स्कूटर उभी होती आणि तिच्या शेजारी माझ्या गाडीपुरती जागा. मी वळवणार, तर इंगोलेभाऊ म्हणाले, "तिकडं नोको. समोरून लाव." समोर रखरखीत ऊन. गाडी माझी, पण त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

मॅनेजर गोपालजी सभ्य माणूस. चहा दिला, फाइल काढली, चष्मा लावला. "आपण शेड मागितलं, आम्ही शेड दिलं. अब इसमें गलती कुठं आहे?"

"आमाले सावली पाह्यजे जी."

"पत्र्याखाली सावलीच असते, भाऊसाहेब."

"तुमी बसाल का बारा वाजता?"

गोपालजी हसले. "देखिये, नियम आहे. सगळ्या शाळांना सायकल शेडच देतो आम्ही. छापील नमुना आहे. बदल करायचा तर ट्रस्टींची मीटिंग लागेल. मीटिंग एप्रिलमध्ये."

"पैसे त एकतीस मार्चले परत चालले."

"ते पण नियमातच आहे."

मग माझी पाळी आली. मी आकडे मांडले: पत्र्याऐवजी लोखंडी पाइप आणि त्यावर हिरवी जाळी, वरूडला संत्र्याच्या कलमांवर ताणतात तशी. पैसे तेवढेच, जागा दुप्पट झाकली जाते. गोपालजींनी प्रत्येक आकडा बरोबर म्हणून मान्य केला आणि शेवटी पुन्हा म्हणाले, "पण शेड म्हणजे शेड."

इंगोलेभाऊ एवढंच म्हणाले, "वरूडात कलमाले सावली भेटते. कलम विकाचं असते म्हनून. पोट्टे विकाचे नसतात, एवढाच त्याइचा गुन्हा."

गोपालजींना ते लागलं, पण शब्द काही बदलला नाही. दोन वाजले. त्यांची जेवायची वेळ झाली होती. तिघंही खाली उतरलो. गल्लीत सावली पलटलेली. माझी गाडी गार सावलीत उभी. इमारतीकडची स्कूटर, ती गोपालजींचीच, काळ्या सीटची, उन्हात. गोपालजी बोलता बोलता तिच्यावर बसले आणि बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठले.

"अरे! सकाळी तर इथं सावली होती."

"होती ना," इंगोलेभाऊ म्हणाले. "पन तुमी बसले आता."

गोपालजी पँट झटकत उभे राहिले. त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग आपल्या स्कूटरकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"आमचे लेकरं साडेनवाले बसतात जी. रोज. त्याइले स्कूटरवाणी उठूनबी नाई जाता येत. मांडीवर ताट असते."

गोपालजींनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "वर चला."

वर जाऊन त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. फोनवर काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, कारण ते मारवाडीत बोलले आणि मधे एकदा स्वतःच हसले. मग पेन घेऊन पत्रावरचं "सायकल" खोडलं. "पत्र्याचे छप्पर" खोडलं. सही केली, शिक्का मारला.

"शेडबी खोडा," इंगोलेभाऊ म्हणाले.

"आता ते कशाला?"

"तिथं सावली लेहा. नाई त उद्या कोनी मैस आनून बांधीन."

गोपालजींनी "शेड" खोडून "सावली" लिहिलं. दुसरी सही केली. जेवायला रिक्षानं गेले.

हाती सत्तावीस दिवस होते. फॅब्रिकेशनचं काम रफीकभाईंना दिलं. आमच्याच भागातले, वेल्डिंगचं दुकान, हाताला चोख आणि बोलायला मोकळे. त्यांनी ओट्याच्या चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या. इंगोलेभाऊंनी त्या चपलेनं पुसल्या आणि दहा-अकरा फूट पूर्वेला नव्या खुणा केल्या.

"भाऊ, ओटा यहां, मांडव वहां?" रफीकभाई म्हणाले. "लोक माह्या नावानं हसतीन. म्हनतीन, रफीकले नजरेनं दिसून नाई राह्यलं."

"साडेनवाले सूर्य कुठी असते?"

"आसमान में."

"आसमानात कुठी?"

रफीकभाईंनी हात वर केला आणि पूर्वेकडे तिरपा धरला. तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मग हाताची सावली जमिनीवर पाहिली. "या अल्ला," ते म्हणाले, आणि खड्डे इंगोलेभाऊंच्या खुणांवर खोदले.

लोक हसले, हे खरं. मांडव उभा राहिला तेव्हा वस्तीतला प्रत्येक माणूस येऊन सांगून गेला की तो ओट्यावर नाही. एका पालकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "खजिनदारसाहेब, यात मोजमापाचा काही घोटाळा तर नाही ना?" मी त्यांना सगळ्या पावत्या दाखवल्या. त्यांचं समाधान पावत्यांनी झालं, मांडवानं नाही.

उद्घाटन तीस मार्चला ठेवलं. शाळा एक तारखेपासूनच सकाळची होती. पाहुण्यांना साडेनऊची वेळ दिली. ओट्यावर पांढरं कापड घालून खुर्च्या मांडल्या, नारळ, फीत, माइक. इंगोलेभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. दोन खुर्च्या त्यांनी घरून आणल्या आणि मांडवाच्या पूर्वेला, मांडवाच्या बाहेर, उन्हात ठेवल्या. मी मनात म्हटलं, आज तरी माणसानं आपल्याच मांडवाखाली बसावं.

साडेनऊ वाजले. पाहुणे आले नाहीत. सावली आली. हिरव्या जाळीतून गाळलेली, ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काठाला काठ लावून. जणू ओटा मोजून कापड बेतलं होतं. मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. ताटं घेऊन ती पाहुण्यांच्या खुर्च्या मागे ढकलून ओट्यावर बसली, मांड्या घालून, एकमेकांना कोपरं मारत. त्या दुसरीतल्या मुलीनं दोनदा खिचडी घेतली. रफीकभाई फाटकापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होते, "देखा? हसत होते ना? आता हसा."

साडेअकराला शाळा सुटली. मॅडम म्हणाल्या, पाहुणे येईपर्यंत मुलांना थांबवू. इंगोलेभाऊ आडवे आले. "लेकराइले दुपारच्या उन्हात थांबवाचं? कशासाठी? सावलीच्या उद्घाटनासाठी?" मुलं घरी गेली.

अध्यक्ष आणि गोपालजी बाराला पोचले. वाटेत टायर फुटला होता. हारतुरे झाले, अध्यक्ष ओट्यावर पहिल्या खुर्चीत बसले, आणि मॅडमचं स्वागताचं दुसरं वाक्य होईपर्यंत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यांनी वर पाहिलं. वर आभाळ. जाळी होती, पण दहा फुटांवर. त्यांनी गोपालजींकडे पाहिलं. गोपालजींनी इंगोलेभाऊंकडे पाहिलं.

इंगोलेभाऊंनी मॅडमच्या हातून अलगद माइक घेतला. त्या माणसाचा माइकवरचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. एकदम बसस्थानक.

"प्रवाशाइनं लक्ष द्याव. साडेनवाची सावली राइट टाइम लागून, लेकरं जेवून, सुटलेली हाये. बाराची सावली मांडवाखालच्या फलाटावर लागेल हाये. पाहुन्याइनं सामानासह तिथी जाव."

मी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, कारण अनुदानाचा शेवटचा हप्ता अजून त्यांच्याच सहीवर अडलेला होता. मग अध्यक्ष हसायला लागले. चांगले पोट धरून हसले, उठले, आपली खुर्ची आपण उचलली आणि मांडवाखाली जाऊन बसले. त्यांच्यामागे सगळे.

भाषण त्यांनी छोटं केलं. ते म्हणाले, "यापुढे आमच्या अर्जात शेड हा शब्द राहणार नाही. सावली असेल. आणि पुढे एक रकाना: किती वाजताची." धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वरकडच्या दोन शाळांची माणसं आली होती, त्यांनी तिथल्या तिथं अर्ज मागितले. शेवटच्या हप्त्यावर सही माझ्यासमोर झाली. टाळ्या वाजल्या. रफीकभाईंनी सर्वांत मोठ्या वाजवल्या.

मी इंगोलेभाऊंना शोधलं, तर ते मांडवात नव्हते. बाहेर, पूर्वेला, आपल्या खुर्चीवर, उन्हात. दुपट्टा डोक्याला. नजर रस्त्यावर. मी म्हणालो, "भाऊ, आत चला. सत्कार आहे तुमचा."

"थांबा. गाडी लेट हाये."

एकच्या सुमाराला फाटकापाशी रिक्षा थांबली. बडनेरा स्टेशनवरची. तिच्यातून सुमनवहिनी उतरल्या. मागोमाग रिक्षावाल्यानं एक बॅग उतरवली, मग दुसरी, मग एक बांधलेली गादी. वहिनींनी आधी मांडवाकडे पाहिलं, जाळीकडे, पाइपांकडे. मग नवऱ्याकडे.

"उभी त राह्यली खरंच."

"मंग?"

"पन तुमी उन्हात कावून बसले?"

"बस." त्यांनी रिझर्व खुर्चीवर दुपट्ट्यानं झटकल्यासारखं केलं. "येऊन राह्यली."

वहिनी डोक्यावर पदर ओढून बसल्या. दोघंही रस्त्याकडे तोंड करून, जशी फलाटावर बसतात तशी. मांडवाची सावली पूर्वेला सरकत होती. आधी खुर्च्यांच्या मागच्या पायांशी आली, मग पाठीवर, मग वहिनींच्या मांडीवरच्या हातांवर.

"आली," इंगोलेभाऊ म्हणाले. घड्याळ पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "रिटर्न कदीचं हाये?"

"काढलंच नाई."

रिक्षावाला भाड्यासाठी माझ्याजवळ आला, कारण माझ्या हातात वही होती. मी इंगोलेभाऊंना म्हणालो की हा खर्च अनुदानात बसणार नाही. ते म्हणाले, "बसवा कोन म्हनते? निस्तं लेहून ठेवा." मी विचारलं, कशाखाली लिहू. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सावली आनन्याचं भाडं."

अखेरचा हिशेब असा. रफीकभाईंना लोखंड, वेल्डिंग आणि मजुरीचे एक लाख अडतीस हजार. वरूडच्या जाळीवाल्याला अठ्ठावीस हजार सातशे पन्नास. पायाच्या काँक्रीटचे अकरा हजार नऊशे. उरलेले तेराशे पन्नास चेकनं अकोल्याला परत. आणि बडनेऱ्याच्या रिक्षावाल्याला दोनशे पन्नास रुपये रोख, दादाराव इंगोले यांच्या खिशातून. दोनशे चाळीस ठरले होते. वरचे दहा त्यांनी परत घेतले नाहीत.